गच्चीवरून तळ्यात

मित्रांनो, मी एक जुनी पाणबुडी आहे. बुडण्यात माझा हात धरणारं या गावात कोणी नाही. म्हणजे, असं प्लंबरकाका सगळ्यांना सांगायचे. प्रत्यक्षात पहिले सहा महिने मी तळ्यात नुसती तरंगत होते.

त्याआधी मी काकांच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी होते. तीस वर्षं लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करून काकांना वाटलं, एकदा तरी चांगल्या पाण्याखाली जाऊन बघावं. त्यांनी मला आडवी केली, वॉशिंग मशीनच्या दाराची काच बसवली, घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आत ठेवल्या आणि मागे एक्झॉस्ट फॅन लावला. तेव्हापासून माझा गोंधळ उडालाय. पूर्वी पाणी बाहेर गेलं की शिव्या बसायच्या, आता आत आलं की बसतात.

घरात नळाला पाणी नाही, वीज गेली की अंधार. शेवटी काकू म्हणाल्या, "रविवारपर्यंत मुदत. बुडून वर आली तर तुमची. नाहीतर सोमवारी परत गच्चीवर."

"अगं, तिला जरा वेळ दे."

"बाळंतपण आहे का तिचं?"

रविवारी काका दगड आणि पाइपांचे तुकडे घेऊन आत बसले. मी तरंगतेच आहे! मग त्यांनी तोटी उघडून थोडं पाणी आत घेतलं आणि खरंच, मी बुडाले. काचेशी एक मासा आला. काका खुदकन हसले. आता तोटी बंद करायची होती. पण तोटी उघडली की धारेखाली बोट धरून बघायचं, ही त्यांची तीस वर्षांची सवय.

"वा, काय प्रेशर आहे!" म्हणाले, आणि बघतच बसले.

पाणी बॅटऱ्यांपर्यंत चढलं. पंखा थांबला. झाकण ढकलून काका उभे राहिले. तळं छातीइतकंच खोल होतं.

"बुडाली गं!"

"दिसलं. आता वर?" काठावरून काकू म्हणाल्या.

काकांनी ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं. त्याने दोर लावून मला काठावर ओढलं.

"आली वर! माझी झाली!"

"ओढून आणलेली धरत नाही."

"असं कुठे ठरलं होतं? विचार ह्याला!"

मित्रांनो, मी टाकी की पाणबुडी, मला अजून कळलेलं नाही. तुम्ही घरच्या वस्तूचं काही नवं कराल, तेव्हा निदान तिला सांगा तरी. तिलाही जीव लावायचा असतो, पण कशाला ते कळायला हवं.

भांडण सोडवायला ट्रॅक्टरवाला खाली उतरला. ब्रेक लावायचा राहिला. ट्रॅक्टर तळ्यात गेला.