लख्ख निघणारी चुंबकदांडी

मित्रांनो, मी एक जुनी चुंबकदांडी आहे. लांबीला हातभर, जाडीला अंगठ्याएवढी. वरून चकचकीत पोलादाची नळी आणि तिच्या पोटात ओळीने ठासून बसवलेली चुंबके. मला पाहून ही जुनी आहे असे कोणी म्हणणार नाही, कारण माझ्या अंगावर साधा ओरखडासुद्धा नाही. लोक मला अगदी आत्ताआत्तापर्यंत कौतुकाने पुसत. त्याचाच मला राग येतो.

स्वभावाने मी पहिल्यापासून अस्वस्थ. शेजारून कोणी पाना घेऊन गेला की माझे लक्ष तिकडे. दाराची बिजागरी, टेबलाचा पाय, कोणाच्या खिशातली किल्ली, सगळे मला ओढत राहायचे. मी जिथे बनले तिथे आम्हा दांड्यांना एकमेकींपासून दूर, लाकडी खोक्यांत ठेवत. जवळ आलो की आम्ही एकमेकींना घट्ट धरायचो, नाहीतर ढकलून द्यायचो. मधले काही आम्हाला जमतच नसे.

तान्ह्या बाळांसाठी पीठ बनवणाऱ्या एका कारखान्याला माझ्यासारखी दांडी हवी होती. तिथे धान्य भाजायचे, गार करायचे, दळायचे, चाळायचे आणि पाकिटांत भरायचे. यंत्रे झिजतात आणि त्यांचा कीस पिठात पडतो. तो पाकिटात जाण्याआधी कोणीतरी धरायला हवा ना? विक्रेत्याने आम्हा तिघींना टेबलावर मांडले. निवड करायला दोघे बसले होते. एक ताई, म्हणजे मालाच्या तपासणीच्या मुख्य, आणि दुसरे यंत्रे दुरुस्त करणारे फिटरकाका.

काकांनी प्रत्येकीला पाना चिकटवून ओढून पाहिला. पहिलीचा सहज निघाला. मधलीचा जरा जोर लावल्यावर निघाला. माझा काही केल्या निघेना. काका घामाघूम झाले.

"ही आमच्या मेव्हण्यासारखी आहे," ते म्हणाले. "एकदा आली की हलायचं नाव नाही."

विक्रेता हसला आणि म्हणाला, "ताकदीला ही एक नंबर. पण हिला उष्णता सोसत नाही बरं का. मधली जरा कमी ओढते, पण तापलेल्या मालातही टिकते. तुमचा माल गरम असतो का?"

"छे, चाळणीपर्यंत येईतो अगदी गार होतो," ताई म्हणाल्या.

ते खरेच होते. धुण्याबद्दल त्याने विचारले नाही आणि यांना ते सुचले नाही. मी मात्र निवड झाली म्हणून फुशारून गेले होते.

चाळणीच्या खाली, पीठ पाकिटांकडे जाते त्या नळात मला आडवे बसवले. काय दिवस होते ते! वरून पिठाची धार पडायची आणि मी डोळ्यांत तेल घालून उभ्या धारेतून लोखंड वेचायचे. काम संपले की काका मला बाहेर काढत. माझ्या अंगावर काळ्या किसाची लव उभी असायची. कधी त्यात एखादी चकती, कधी खिळ्याचे टोक. ताई ते पांढऱ्या फडक्यावर पुसून घेत आणि सगळ्यांना बोलावून दाखवत. "हे बाळाच्या पोटात गेलं असतं," असे त्या म्हणायच्या. ताईंची मुलगी तेव्हा बाळंतपणाला माहेरी आली होती. नात सहा महिन्यांची झाल्यावर तर याच कारखान्याची पाकिटे त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊ लागली.

नातीमुळे ताईंची स्वच्छता आणखी वाढली. पिठाला लागणारी प्रत्येक वस्तू, डाव, परात, बादली, रोज वाफेच्या कपाटात जाऊ लागली. "नुसतं पुसून काय होतंय? जंतू मरायला नकोत?" असे म्हणून त्यांनी मलाही आत पाठवले. काकांनी माझ्यासाठी त्या कपाटात हौसेने एक खास आकडा बसवून दिला. मला घासणे नाही, आपटणे नाही, सगळे कसे जपून. एवढी काळजी क्वचितच कोणा दांडीची घेतली गेली असेल.

दुखले नाही हो. दुखले असते तर मी तरी सावध झाले असते. वाफ अंगात मुरली की पोटातली चुंबके सैलावल्यासारखी वाटायची, एवढेच. मग हळूहळू दाराच्या बिजागरीची ओढ कमी झाली. काका पाना घेऊन शेजारून गेले तरी मला कळेनासे झाले. जन्मभर ज्या अस्वस्थपणाला मी वैतागले होते तो ओसरू लागला आणि त्याच्या जागी दुसरीच, थंडगार धास्ती आली. पिठातला कीस मला चाटून जायचा. मी धरायला जायचे आणि तो निसटायचा.

आणि बाहेर काय चालले होते? माझे कौतुक! काकांनी मला काढले की मी लख्ख. ना कीस, ना चकती. "बघा, आपला माल किती स्वच्छ झालाय," ताई अभिमानाने म्हणायच्या. मोठे साहेब आले, त्यांनी माझ्यावरून बोट फिरवले आणि सगळ्यांना शाबासकी दिली. मला ओरडून सांगायचे होते की अहो, माल स्वच्छ झाला नाही, मी रिकामी झाले आहे. पण दांडीला तोंड कुठले?

एका सकाळी वरून काहीतरी टोकदार आले. पोलादी तारेचे तुकडे होते ते. एक माझ्या अंगावर क्षणभर टेकला. मी जीव खाऊन धरला. पिठाचा लोट आला आणि तो गेला. दुपारपर्यंत त्या पिठाची पाकिटे भरून गाडी दुकानांकडे निघूनही गेली.

दुपारी काकांनी चाळणी उघडली. जाळीच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढे भोक पडले होते. ते मला घेऊन धावतच ताईंकडे आले.

"ताई, जाळीचे तुकडे पडलेत, आणि दांडीवर एकही नाही."

"मग पडले नसतील पिठात."

"मग गेले कुठे?"

काकांनी पाना माझ्या अंगाला लावला. तो टेबलावर खण्णकन पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. त्या सकाळच्याच पिठाचे एक पाकीट ताईंनी घरी पाठवले होते. त्यांनी मुलीला फोन लावला.

"बाळाला भरवलंस का गं?"

"आत्ताच कालवलंय. दोन चमचे खाल्ले तिने. का गं आई?"

"थांब. आता एक घास देऊ नकोस. वाटी झाकून ठेव, मी येतेय."

तासाभराने त्या वाटी आणि पाकीट घेऊन परत आल्या. डॉक्टरांनी बाळाला तपासून काही नाही म्हटले होते. काकांनी धावपळ करून ती मधली, कमी ओढणारी दांडी मागवली होती. तिने वाटी ढवळली, पाकीट ढवळले. काही निघाले नाही. ताई खुर्चीत बसल्या. काकांनी पाणी आणले. पाणी न पिताच त्या उठल्या.

"गाडी परत बोलवा. दुकानांतली पाकिटंही आणा आणि वर्तमानपत्रात सूचना द्या. तीसुद्धा कुणाच्या तरी वाटीतच जायची आहेत."

मग त्यांनी विक्रेत्याला फोन केला. त्याने फक्त विचारले, "धुता कशी?" ताईंनी सांगितले. वाफेची उष्णताही हिला सोसत नाही, असे तो म्हणाला. फोन ठेवून ताई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मीच रोज वाफवून मारलं हिला."

पाकिटे परत येत गेली. काका प्रत्येक पाकीट रिकामे करायचे, नव्या दांडीने ढवळायचे. सापडलेला तुकडा ते जाळीच्या भोकावर बसवून बघायचे. एकेक करून भोक भरत आले. फक्त कडेला, नखाएवढी जागा उरली. तेवढा एक तुकडा अजून सापडलेला नाही. पाकिटेही सगळी परत आलेली नाहीत.

मित्रांनो, ज्याला जपता त्याला काय सोसते ते आधी विचारा. आणि जो रोज लख्ख दिसतो, कधी तक्रार करत नाही, त्याला अधूनमधून खरे काम देऊन पाहा. पण हे सगळे नंतर केलेत तरी चालेल. आज तुमच्या घरी धाकट्या भावंडासाठी पिठाचे नवे पाकीट फोडणार असतील, तर आईला थांबवा. वाटीत घेण्याआधी ते पीठ एकदा चाळून घ्या.