गाड्यांच्या आडोशाची वाट

मित्रांनो, मी रस्त्यावर पांढरे पट्टे मारणारा एक जुना गाडा आहे. मला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, हॉर्न तर मुळीच नाही. पोटात रंग वितळवायची टाकी, तिच्याखाली शेगडी, पुढे रेघ धरून चालणारा एक बारीक दांडा आणि मागे ढकलणारा माणूस, एवढाच माझा संसार. तरीही शाळेसमोर मी माझे पट्टे ओढले की कितीही ऐटबाज गाडी असो, तिला तिथे ब्रेक लावावाच लागतो. याचा मला थोडा गर्व आहे, तो तुम्ही समजून घ्या.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या शेडमध्ये झाला. तिथून मी नगरपालिकेत आलो आणि मिस्त्रींच्या हाती पडलो. मिस्त्री तेव्हा तरुण होते. ते आधी रस्त्यावर दोरी ताणून खडूने रेघ आखत, आणि मग रेघेवरून मला असे चालवत की जणू मी काचेचा आहे. ओल्या रंगावर मी काचेचे बारीक कण शिंपडतो. अंधारात गाडीचा दिवा पडला की तेच कण चमकतात. आमची रेघ पाहून साहेब लोक मान डोलवत.

पुढे ट्रकवर बसवलेले मोठे यंत्र आले आणि माझी रवानगी गोदामात झाली. मोडक्या बाकांमागे मी धूळ खात पडलो. एका मांजरीने माझ्या टाकीत पिल्ले घातली, तेवढीच काय ती सोबत. आता भंगारातच जायचे, असे मी धरून चाललो होतो.

मग अचानक मला बाहेर काढले. कौतुकाने नव्हे बरे का. शहराबाहेरच्या एका वसाहतीत सायकलींसाठी वेगळा मार्ग आखायचा होता आणि तिथले लोक खवळले होते. दगडबिगड आलेच तर जुन्या गाड्यावर येऊ देत, असा हिशेब करून साहेबांनी मला, आता केस पिकलेल्या मिस्त्रींबरोबर, पाठवले.

ती वसाहत म्हणजे गाड्यांचे माहेरघरच. रस्ता ऐसपैस, घरे टुमदार आणि दारोदारी धुतलेल्या, पुसलेल्या गाड्या. कोपऱ्यावरून दूध आणायचे तरी लोक गाडी काढत. सायकली होत्या, पण गॅरेजात, हवा गेलेल्या. सायकलचा मार्ग झाला तर आपल्याच दारात आपल्याला गाडी लावता येणार नाही, ही सगळ्यांची धास्ती. फाटकाफाटकावर निषेधाच्या पाट्या लटकल्या होत्या.

या विरोधाचे पुढारी होते दातांचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना रस्त्याला लागूनच होता. गाडी लावायला जागा नसेल तर दुखरी दाढ घेऊन पेशंट येणार कसा, हा त्यांचा सवाल काही अगदीच खोटा नव्हता. माणूस वाईट नव्हता, शिस्तीचा होता. आयुष्यभर लोकांचे वाकडे दात तारेने ओळीत आणल्यामुळे त्यांना जगात काहीही वाकडे खपत नसे.

त्यांची धाकटी बहीण शेजारीच राहायची. ती रस्त्याच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात नर्स होती आणि रोज सायकलने जायची. काही महिन्यांपूर्वी भावाच्याच दवाखान्यासमोर एका पेशंटने न बघता गाडीचे दार उघडले. ती दारावर आदळून पडली आणि तिचे मनगट मोडले. प्लास्टर नुकतेच निघाले होते, रजा संपत आली होती. या रस्त्यावरून पुन्हा सायकल चालवायची तिची छाती होत नव्हती. मार्ग झाला तर कामावर जायचे, नाही तर नोकरी सोडायची, असे तिने ठरवले होते.

हे सगळे मला कसे कळले? मिस्त्री संध्याकाळी फूटपाथपासून सायकलपुरते अंतर सोडून खडूची रेघ आखत होते आणि ही भावंडे माझ्या बाजूलाच उभी राहून हुज्जत घालत होती. लोक यंत्रासमोर काहीही बोलतात.

"तुझ्या काळजीनेच सांगतोय," डॉक्टर म्हणाले. "सायकल सोड. मी तुला रोज गाडीने पोचवीन."

"रात्रपाळीलाही? आणि पहाटे आणायलाही तूच?" बहीण म्हणाली. "दादा, मला नोकरी हवी आहे, ड्रायव्हर नको आहे. उद्या पहिला दिवस आहे, उद्या मात्र सोड. पुढचं मग बघू."

डॉक्टर हो म्हणाले. पण त्याच रात्री वसाहतीची बैठक बसली आणि ठरले, की पहाटेच सगळ्यांनी आपापली गाडी आणून खडूच्या रेघेवर उभी करायची. रेघच झाकली तर गाडा चालणार कुठून?

सकाळी मी पाहतो तर काय, या कोपऱ्यापासून थेट हॉस्पिटलपर्यंत गाड्याच गाड्या! खरे तर त्या फूटपाथला खेटून लावल्या असत्या तर विषय संपला असता. पण फूटपाथवर झाडे होती, झाडांवर पक्षी होते, आणि पक्ष्यांखाली आपली धुतलेली गाडी लावायला एकही माणूस तयार होईना. म्हणून सगळ्यांनी फक्त आतली चाके रेघेवर ठेवली आणि बाकी गाडी रस्त्याच्या बाजूला घेतली. त्यात डॉक्टरांची शिस्त. एकही गाडी तिरकी नाही, दोन गाड्यांमध्ये मांजर जाईल एवढीही फट नाही. फूटपाथ आणि गाड्या यांच्यामध्ये मात्र एक लांबलचक गल्ली तयार झाली होती. ती कुणाच्या लक्षातच आली नाही. मिस्त्रींनी तरीही माझी शेगडी पेटवली.

तेवढ्यात बहीण गणवेशात बाहेर आली आणि भावाकडे बघू लागली. डॉक्टर आपल्या गाडीकडे बघू लागले. गाडी पुढून औषधवाल्याच्या आणि मागून वकीलबाईंच्या गाडीला चिकटून उभी होती. ती काही निघणार नव्हती. डॉक्टरांचा चेहरा असा झाला, की जणू त्यांचीच दाढ उपटायची आहे.

बहिणीने एकवार त्या गल्लीकडे पाहिले. मग ती घरामागे गेली आणि सायकल घेऊन आली.

"अगं, थांब," डॉक्टर म्हणाले. पण ती गल्लीत शिरली होती. डॉक्टर फूटपाथवरून तिच्यामागे निघाले, आधी चालत आणि मग पळत. पलीकडून ट्रक गेला, बस गेली, पण मध्ये गाड्यांची भिंत होती. तिला साधा धक्का लागणेही शक्य नव्हते. ती सुरुवातीला हँडल घट्ट धरून, अडखळत गेली. मग तिचे खांदे सैल झाले. मग तिने घंटी वाजवली, वाजवायची काहीच गरज नसताना. हॉस्पिटलच्या फाटकात शिरताना तिने मागे वळून भावाला हात केला. तो मोडलेलाच हात होता. मित्रांनो, माझ्या पोटात तर रंग उकळतच होता, पण त्या क्षणी मला वाटले की आनंदाने मीच उकळतो आहे.

मग शाळेची वेळ झाली. कुणाचीच गाडी निघेना, म्हणून गॅरेजातल्या सायकली बाहेर आल्या, त्यांत हवा भरली गेली आणि मुले त्याच गल्लीतून कलकलाट करत गेली. पाट्या लावणारे आईबाप फाटकात उभे राहून बघत राहिले.

डॉक्टर धापा टाकत परत आले आणि मिस्त्रींसमोर उभे राहिले.

"मिस्त्री, गाड्या अशाच राहिल्या आणि सायकलींना आतून वाट दिली, तर जमेल का?"

"जमेल की," मिस्त्री म्हणाले. "साहेबांना विचारतो."

"आणि गाड्यांचं दार उघडेल एवढी जागा मध्ये सोडा. माझ्या बहिणीचं मनगट दारानेच मोडलंय."

साहेब आले, त्यांनी टेप लावून रस्ता मोजला आणि होकार दिला. दारातली जागा जात नाही म्हटल्यावर लोकांचा अर्धा राग तिथेच गळाला. उरलेला अर्धा डॉक्टरांनी घरोघर फिरून काढला. कुरकुर करत का होईना, टोकापासून सुरुवात करून एकेकाने गाडी थोडी बाहेर सरकवली. मिस्त्रींनी नव्याने दोरी काढली तेव्हा तिचे दुसरे टोक डॉक्टरांनी धरले. दोरी जराही वाकडी झाली की ते मिस्त्रींनाच दटावत. आणि मग मी निघालो! गोदामातली सगळी वर्षे अंगावरून झाडून टाकत निघालो. रेघ अशी उतरली, की माझ्या तरुणपणीही कधी उतरली नसेल. संध्याकाळी बहीण माझ्या ताज्या पट्ट्याच्या आतून घरी आली तेव्हा भाऊ दारात सायकलचा पंप घेऊन बसला होता. त्याला स्वतःच्या सायकलमध्ये हवा भरायची होती आणि ते काही त्याला जमत नव्हते. बहीण पोट धरून हसली.

आता मी गोदामात नसतो. आजूबाजूच्या वसाहतींतून मला बोलावणी येतात.

एक गुपित सांगतो. माझा पट्टा म्हणजे नुसता रंग आहे. त्याने आजवर एकही गाडी अडवलेली नाही. गाडी अडवतो तो आतला माणूस, पट्ट्यापलीकडे आपल्यासारखेच कुणी चालले आहे हे त्याला आठवले तर. म्हणून तुम्ही मोठे व्हाल, गाडी घ्याल, तेव्हा माझ्या पट्ट्याचा मान राखा. उतरायचे असेल तेव्हा आधी मागे बघा आणि मगच दार उघडा. कुणीतरी कामावर निघालेले असते.