वरची अधिक

गणितवालीचं डोकं भणभणत होतं. तीन दिवस झाले, संगणकातली हवा काही ऐकायला तयार नव्हती. अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या किरणांनी हवेचा कोणता थर किती तापतो, हे तिचं मॉडेल सांगायचं. तिनं कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला, तर जमिनीजवळची हवा तापली, ठीक. पण पार वरची चक्क गार पडली! अरे, गॅस उष्णता धरतो ना? मग गार कशी? आणि दुपारपर्यंत आलेख विभागप्रमुख सरांच्या टेबलावर गेला नाही, तर नोकरीची मुदतवाढ गेलीच म्हणून समजायचं.

मॉडेल रचलेलं तिच्या आधी हे काम करणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या मॅडमनी. त्यांच्या वहीत चिन्हांबद्दल एकच ओळ: ‘वरची अधिक, खालची उणे.’ वरची म्हणजे वर जाणारी उष्णता, असं ती इतके दिवस धरून चालली होती. आता शंका आली. वरची म्हणजे वरून येणारी तर नव्हे? ओळ दहादा वाचली. दोन्ही अर्थ बसत होते, मेले! शेवटी तिनं चिन्ह उलटं केलं. वरची हवा झकास तापली, पण आता खालची गारठली. वेळ होत आली होती. तिनं आलेखाचा खालचा भाग कापला, वरचा तेवढा सरांकडे धाडला, आणि मग कुठे मॅडमना फोन लावला.

“अगं, वर जाणारीच!” मॅडम हसल्या. “आणि वरची हवा गारच पडणार. गॅस वाढला की ती जास्त उष्णता अवकाशात फेकते. मीही यावर महिनाभर डोकं फोडलं होतं.”

तिनं फोन ठेवला. ती धावतच सरांच्या खोलीत गेली.

“ये, ये,” सर खुशीत होते. “वरची हवा तापली बघ, मी म्हणतच होतो! तुझ्या मुदतवाढीवर सही करतोय.”

झालं! बोलावं तरी पंचाईत, न बोलावं तरी पंचाईत. सरांनाच पटलंय, तर आपण कशाला शहाणपणा करायचा? पण तिला राहवेना.

“सर, तो आलेख खोटा आहे. चिन्ह मीच फिरवलं. वरची हवा गार पडते.”

“गार? कसं शक्य आहे?” सरांनी पेन खाली ठेवलं आणि समोरची खुर्ची दाखवली. “बस. मला पटवून दे, मग सही.”

ती बसली. बोलायला तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्यालाही ते अजून नीटसं कळलेलं नाही.