वारा सरला का?

सून आपल्याला विचारल्याशिवाय श्वासही घेत नाही, याचा औशाच्या धोंडाबाईला मोठा अभिमान होता. तनुजाला आतड्याचा टीबी झाला, तोही साध्या औषधांना न जुमानणारा. तेव्हा समोर बसून एकेक गोळी गिळायला लावली ती सासूनंच. आतडं एका जागी आवळलंय, मऊच खायला द्या, असं डॉक्टर सौदामिनींनी बजावलं होतं. पण शेतातला पहिला हुरडा घरच्या लक्ष्मीनं चाखायचा, ही रीत. धोंडाबाईनं चांगला पसाभर खायला घातला. रात्रीतून पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि तनुजा लातूरच्या दवाखान्यात पोचली.

नाकात नळी, हाताला सलाईन, तोंडाला कुलूप, पाण्याचा घोटही बंद. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं.

"वारा सरला का?"

खाटेपाशी धोंडाबाईसोबत सासरा ग्यानोबाही उभा होता. तनुजानं नकाराची मान हलवली.

"पोट मऊ आहे, ताप नाही. पण अडलेलं सुटत नसेल तर आजच ऑपरेशन करावं लागेल."

"त्या गोळ्याच बंद करा, मॅडम," ग्यानोबा म्हणाला. "लई उष्ण हायत्या."

"हे हुरड्यानं झालंय, काका. गोळ्या सोडल्या तर रोग उसळेल."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेल्या. आपल्या पसाभर हुरड्यापायी पोरीच्या पोटावर सुरी चालणार, हे धोंडाबाईला कळलं. तिनं तनुजाकडं नीट पाहिलं. पोट कालच्यापेक्षा उतरलं होतं, अन् पोरीचे कान लालबुंद. ते लाल कान तिच्या ओळखीचे होते. नवी नवरी असताना तिचेही असेच व्हायचे.

तिनं ग्यानोबाला चहाला पिटाळलं, पडदा ओढला.

"तनू, खरं सांग. सासू झाले म्हणून माझं पोट काय शिवून ठिवलंय?"

"पहाटंच सरला, आत्याबाई. दोनदा," तनुजा पुटपुटली. "मामंजींसमोर कसं सांगू?"

धोंडाबाईनं कपाळावर हात मारला आणि पडदा सारून भरल्या वॉर्डात खणखणीत आवाज दिला, "मॅडम, माझ्या सुनंचा वारा सरलाय, दोनदा."

अडलेलं सुटल्याचं एक्स-रेनंही सांगितलं. ऑपरेशन टळलं, नळी निघाली की गोळ्या पुन्हा सुरू करायचं ठरलं.

संध्याकाळी डॉक्टर आल्या तेव्हा ग्यानोबा पुन्हा खाटेपाशीच होता.

"वारा?"

धोंडाबाई तोंड उघडणार, एवढ्यात तनुजा बोलली, तेही कुणाकडं न बघता. "सरला. आताच."

ग्यानोबा खिडकीबाहेर बघू लागला. सुनेनं आज आपल्याला विचारलं नव्हतं, आणि धोंडाबाईला तिचा कधी नव्हे एवढा अभिमान वाटला.