जिने मला कधीच दंडाला बांधले नाही

मित्रांनो, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, चादरींच्या गठ्ठ्याखाली, एका खोक्यात मी आजपर्यंत तीन वर्षे पडून होते. तिथून दिसत काहीच नव्हते, ऐकू मात्र सगळे येत होते. मी रक्तदाब मोजायचे एक जुने यंत्र आहे. गोल तबकडी, तिच्यावर एक काटा, दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा पसारा.

कारखान्यात एका बाईने माझा काटा शून्यावर आणला आणि मला खोक्यात ठेवले. तिथून मी एका सुताराच्या घरी आले. त्याचे वडील पन्नाशीत गेले होते, थोरला भाऊ अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. डॉक्टरांनी त्याला बजावले होते, "घराणं बदलता येत नाही, सवयी बदलता येतात. तंबाखू सोडा, मीठ कमी करा, रोज चाला."

त्याची बायको शिवणकाम करायची. मोजायचे कसे ते ती नर्सकडून शिकून आली. रोज सकाळी ती त्याच्या दंडाला पट्टा बांधायची, कानाला नळी लावायची. आकडा चांगला आला की माझी तबकडी पदराने पुसायची. चढला की त्याला म्हणायची, "काल तंबाखूच्या दुकानापुढे कोण उभं होतं, तुमचं भूत?"

सुतार सुधारला. साठी ओलांडली, त्याच्या घराण्यात पहिल्यांदाच.

एकदा तो म्हणाला, "तुझंही बघ की."

"माझं कशाला? आजी सत्त्याण्णवची होऊन गेली, आई अजून सुईत दोरा ओवते. आमच्याकडे यमसुद्धा पत्ता विसरतो."

तो हसला. पुन्हा त्याने विचारले नाही.

ती दिवसभर मशीनवर वाकलेली असायची. जेवणही तिथेच, वरून मीठ घेऊन. काम जास्त असले की झोप चार तास. डोके दुखले की फडके बांधायची. मित्रांनो, मी तिच्याच हातात असायचे. तिच्या दंडापासून वीतभर लांब. पण आपणहून गुंडाळून घेणे माझ्या हातात नव्हते.

एका दुपारी ती मशीनवरच कोसळली, पुन्हा उठलीच नाही. एकसष्ट वर्षांची होती. दवाखान्यातून परतल्यावर सुतार मुलीला सांगत होता, "डॉक्टर म्हणाले, रक्तदाब किती वर्षं चढलेला असेल. कधी मोजला होता, असं विचारलं. मी काय सांगणार?"

सुताराची त्र्याण्णव वर्षांची सासू शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "रक्त माझंच होतं तिच्यात. पण मी जन्मभर चालले, आणि ही बसून राहिली."

त्याच दिवशी सुताराने मला खोक्यात घालून कपाटाला कुलूप लावले. "याच्याकडे बघवत नाही," म्हणाला. तेव्हापासून तीन वर्षे अंधार. माझे रबर आतल्या आत वाळत गेले.

आज मुलगी आली होती. बाहेर तिचा आवाज आला, "आठ दिवस डोकं धरलंय. उन्हाचं असेल. मला काय होतंय बाबा, मी आईच्या घराण्यावर गेलेय!"

मग कुलपात किल्ली फिरली.

सुताराने मला बाहेर काढले आणि पट्टा तिच्या दंडाला गुंडाळला. उलटा. मोजणारी नेहमी त्याची बायको होती, त्याने फक्त हात पुढे केला होता. त्याने फुगा दाबला. रबर तडकलेले, हवा फुस्सकन निघून गेली. काटा जागचा हलला नाही. मित्रांनो, बाहेर येऊनही मी कोंडलेलेच राहिले.

"बघा, यालाही काही सापडत नाहीये," मुलगी हसली.

"चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय."

"अहो बाबा, मी ठीक आहे."

"तुझी आईही ठीकच होती."

ती हसायची थांबली. दोघे गेले. मी पलंगावर, पट्टा पसरून पडले आहे.

माझे रबर आता भरून येणार नाही. पण तुमच्या घरी सगळ्यांची काळजी घेणारे कोणीतरी असेलच. ते "माझं कशाला" म्हणेल. ऐकू नका. आजच त्याचा हात धरा आणि मोजा.