समोरून येणाऱ्या वनूताई

लोखंडी खांबावर किल्लीचे तीन ठोके, एक सुटा आणि दोन जोडून. वनूताईंचं येणं मला अजूनही आधी असं ऐकू येतं आणि मग दिसतं. ठोक्यांनंतर क्षणभर काहीच नसायचं. तेवढा वेळ त्या समोरच्या माणसाला द्यायच्या, हातातलं काम खाली ठेवायला, मान वर करायला, आपण इथे आहोत हे आठवायला. मग डब्यांच्या चळतींमधून त्यांची ठेंगणी, रुंद आकृती समोरून उगवायची. पोपटी नाहीतर जांभळं सुती पातळ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि काकणांविना मोकळे हात. मशिनच्या जागी काकणं चालत नाहीत म्हणून त्यांनी ती कधीच काढून ठेवली होती. काकणांचा आवाज गेला तो त्यांनी किल्लीला दिला, असं मला वाटायचं.

भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात आम्ही स्टीलचे डबे करायचो. आम्ही म्हणजे चाळीसेक माणसं. मी माल पाठवण्याच्या नोंदी ठेवायचे आणि वनूताई बायकांच्या कामावर देखरेख करायच्या. गाळ्याच्या पुढच्या भागात तपासणी आणि बांधणी चाले, मागच्या भागात स्टील दाबून आकार देणाऱ्या प्रेस. छपराच्या सिमेंटच्या पत्र्यांत एकच पत्रा पारदर्शक होता. त्यातून उतरणारा उजेड सकाळी बांधणीच्या टेबलावर असायचा, दुपारी प्रेसवर, आणि सुटायच्या वेळी दाराजवळच्या पाण्याच्या पिंपावर. प्रेसच्या धडधडाटात किल्ली ऐकू येणं शक्यच नव्हतं. तिथे वनूताई भिंतीकडून लांबचा फेरा घ्यायच्या, मशिनसमोर नजरेच्या टप्प्यात उभ्या राहायच्या, आणि माणसानं पेडलवरचा पाय उचलला की मगच बोलायच्या. दिवसातून वीस वेळा तो फेरा, आणि गुडघे तर आधीच कुरकुरणारे. मी एकदा म्हटलं, मागून जा ना, तेवढीच पावलं वाचतील. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाच्या ताटात पाय ठेवायला सांगितला होता.

मी चळवळीच्या पत्रकांच्या घरातली मुलगी. इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. अक्षरओळख झाली तीही ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ या मथळ्यावर. अन्याय दिसला की तो मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावायचा, इतकं साधं माझं शास्त्र होतं. मला ते आजही खोटं वाटत नाही. फक्त त्या वेळी ते अपुरं होतं, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

श्रावणातल्या एका दुपारी नसरीनच्या उजव्या हाताची दोन बोटं पेरापर्यंत गेली. नसरीन पेणकरपाड्याची, तिशीही न गाठलेली, प्रेसवरची सगळ्यात चपळ बाई. ओठांतल्या ओठांत गाणं घोळवत काम करायची. शेजारच्या मशिनवरच्या रामधनीनं तिला मागून हाक मारली. “ए नसरीन, चाय आली.” एवढंच. तिची मान वळली आणि पाय मात्र पेडलवरच राहिला. मशिनं थांबवायला कुणीतरी भोंगा दाबला, आणि घाबरून तो कितीतरी वेळ दाबूनच धरला.

शेठ वाईट माणूस नव्हता. वडिलांचा धंदा नुकताच हातात आलेला, आमच्यातल्या पुष्कळांहून वयानं लहान. त्यानंच नसरीनला आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं. परत आल्यावर शर्टाच्या बाहीवरचे डाग लपवत त्यानंच विचारलं, “वनूताई, उद्या ती प्रेस चालू होईल ना?”

“न्हाय,” वनूताई म्हणाल्या. त्यांनी मशिन स्वतःच्या हातांनी धुतलं, पुसलं, आणि घरून आणलेलं एक जुनं, मऊ लुगडं त्यावर पांघरलं. झोपलेल्या माणसावर पांघरावं तसं.

पण जखम एका हातात मावली नव्हती. रोज दुपारी जेवणाचा भोंगा झाला की अख्खा गाळा आतून आकसायचा. रामधनीनं दुपारचं जेवण सोडलं. डबा तसाच घरी न्यायचा. झाडू मारणारी जना प्रेसच्या बाजूला जाईना. एकीच्या हातून डब्यांची चळतच्या चळत कोसळली, आणि त्या आवाजानं तिघी रडायला लागल्या. कुणाला काय होतंय याला नाव नव्हतं, आणि नाव नसलेल्या दुखण्याला सुट्टी मिळत नाही. वनूताईंनी नाव शोधलं नाही. त्या शेठसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि भोंगा बंद करा म्हणाल्या.

“अहो, मग लोकांना टाइम कसा समजणार?”

“मी सांगन ना.”

त्या दिवसापासून त्या आमचं घड्याळ झाल्या. चाळीस माणसांपाशी एकेक करून समोरून जायचं, नजर मिळेपर्यंत थांबायचं, आणि म्हणायचं, “चला, जेवायला बसा.” रामधनीपाशी त्या जरा जास्त थांबायच्या. बोलायच्या काही नाहीत, फक्त त्याचा डबा आपल्या डब्याशेजारी ठेवायच्या. आठवड्याभरानं त्यानं तो उघडला. “काय आणलंस रं?” त्यांनी विचारलं. “वही रोज का आलू,” तो म्हणाला. “रोज आलू? बायको रागावली हाय काय?” रामधनी हसला आणि हसता हसता तोंड फिरवून रडला. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. तेही वनूताईंनीच आम्हाला, न बोलता, शिकवलं होतं.

मी मात्र माझं शास्त्र चालवत होते. प्रेसला जाळी हवी, नुकसानभरपाई हवी. मागण्या रास्त होत्या. त्या मी मोठ्या कागदावर लिहिल्या आणि वर लाल शाईनं एक हात काढला, दोन बोटं तुटलेला. चित्र चांगलं उतरलं होतं, त्याचा मला अभिमानही वाटला होता. आश्विनातल्या ज्या सकाळी नसरीन कामावर परत येणार होती, नेमक्या त्याच सकाळी मी तो कागद दाराशी, पाण्याच्या पिंपावर चिकटवला. तिचं स्वागत म्हणून.

नसरीन आली, पाणी प्यायला वाकली आणि तशीच थांबली. मग तिनं उजवा हात ओढणीत गुंडाळला आणि आली तशी निघून गेली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

वनूताई ओलं फडकं घेऊन आल्या. कागद त्यांनी फाडला नाही. भिजवून, कडेकडेनं, सावकाश सोडवला. एक कपटासुद्धा पिंपावर राहू दिला नाही. “लिवलंस ते खरं हाय गो,” त्या म्हणाल्या. “पन तिला इचारलंस?”

मी फडक्यातून निथळणारी लाल शाई बघत होते.

“हात तिचा हाय.”

दोन दिवस नसरीन फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी शेठनं सांगितलं की दिवाळीचा माल अंगावर आलाय, सोमवारी ती प्रेसवर बसली नाही तर तो नवी बाई घेईल. नसरीनच्या घरात कमावणारी ती एकटी होती. हे त्यालाही माहीत होतं, म्हणून सांगताना तो खिडकीबाहेर बघत होता.

त्या रविवारी वनूताई मला घेऊन पेणकरपाड्याला निघाल्या. रिक्षात, आश्विनाच्या पांढऱ्याफेक उन्हात डोळे बारीक करून, त्यांनी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःबद्दल सांगितलं. त्या मोरवा गावच्या. वडिलांचं मिठागर होतं. मिठागरातला बांध एका पावलाचा, दोन्हीकडे खारं पाणी, आणि डोक्यावर ओझं घेतलेल्या माणसाला मान वळवता येत नाही. म्हणून बांधावर चढणाऱ्यानं लांबूनच हाळी घालायची, असा त्यांच्यात रिवाज. सहा वर्षांच्या असताना गंमत म्हणून त्या आईच्या मागून गुपचूप गेल्या होत्या. आई दचकली आणि ओझ्यासकट मिठाच्या वाफ्यात पडली. तिच्या सोलवटलेल्या गुडघ्यांत मीठ गेलं तेव्हाची तिची किंकाळी वनूताई साठीकडे झुकल्या तरी त्यांच्या कानांत ताजी होती. “तवापासना मी कुनाच्या पाठून जात न्हाय,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, “पन एकटीच फिरले गो. रामधनीला शिकवायला पायजे हुतं.”

इतके दिवस सगळ्यांना सावरणाऱ्या या बाईच्या आतही एक वाफा खारा राहिला होता, हे मला त्या रिक्षात कळलं.

गल्लीच्या तोंडाशीच त्यांनी हाळी घातली. “नसरीन गो, मी वनू, येतंय.” मग हळूहळू चालत गेल्या, आतल्या माणसाला दार उघडायचं की नाही हे ठरवायला वेळ मिळेल अशा बेतानं. दार उघडलं. छोटी खोली, दोरीवर वाळत घातलेले मुलांचे गणवेश, खिडकीत पुदिन्याचं डबडं. नसरीननं डाव्या हातानं चहा केला आणि आम्ही तिला तो करू दिला.

“मौसी, मी नाही डरत,” ती म्हणाली. “हात डरतो. मशिन दिसली की असा पोटाशी येतो, बघा. मी काय करू त्याला?”

वनूताईंनी त्या हाताकडे बघितलं, लहान मुलाकडे बघावं तसं. “त्याला नको घाई करू. तू ये कामावर. त्याला येऊ दे मागाहून, त्याच्या टायमानं.”

नसरीन बऱ्याच दिवसांनी हसली असावी. हसू तिच्या चेहऱ्यावर जरा अडखळतच आलं. मी माफी मागितली. “चित्र बरा था,” ती म्हणाली, “पण माझी बोटं तू जास्तच कापलीस.” मग मी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, की तुला काय लिहावंसं वाटतं. ती उठून पुदिन्याला पाणी घालून आली. “लिही, कामावर असताना कुणाला मागून हाक मारायची नाही. आणि रामधनीचं नाव नको टाकू. त्याने जान के नाही केलं.”

सोमवारी वनूताईंनी नसरीनला तपासणीच्या टेबलावर बसवलं, तोंड दाराकडे, पाठ भिंतीला. डब्याच्या कडेवरून बोट फिरवून धार राहिलीय का ते पाहायचं काम. डाव्या हातानं होणारं.

“वनूताई, मी कारखाना चालवतोय, आश्रम नाही,” शेठ म्हणाला.

“तुमचा कारखाना मानसं चालवतान, शेठ. मशिन नुस्ती आदळते.” मग आवाज उतरवून, “तुमी बी त्या दिसापासना प्रेसकडं गेलं न्हाय. मी बघते ना.”

शेठचा हात नकळत शर्टाच्या बाहीवर गेला. “दिवाळीपर्यंत बसू दे,” तो म्हणाला, आणि दिवाळीनंतर त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही.

माझ्या नव्या पत्रकात चित्र नव्हतं. पहिली मागणी नसरीनची, दुसरी जाळीची, तिसरी भरपाईची. खाली सगळ्यांच्या सह्या, आणि सगळ्यांत वर रामधनीची. पहिली मागणी वाचून शेठ म्हणाला, “हे तर फुकट आहे, आधी का नाही सांगितलं?” जाळीला महिना लागला आणि भरपाईसाठी आम्हाला खूप भांडावं लागलं. ते भांडण मी आनंदानं केलं. पण जी गोष्ट फुकट होती ती आधी कुणीच का मागितली नव्हती, हा प्रश्न मला त्यानंतर कुठल्याही कामाच्या जागी सोडत नाही. माणसाला न दचकता काम करता यावं, हा उपकार नव्हे. तो प्रेसच्या जाळीइतकाच हक्काचा आहे, आणि जाळीसारखाच तो रोज जागेवर आहे ना हे कुणाला तरी पाहावं लागतं.

मार्गशीर्षात ऊन मऊ झालं. वनूताई सांगायच्या, मिठागराची जमीन हंगामाआधी पायांनी तुडवून तुडवून घट्ट करावी लागते. घाई केली तर मीठ मातकट निघतं. अशाच एका दुपारी, मशिनं बंद असताना, नसरीन टेबलावरून उठली. उजेडाची पट्टी तेव्हा प्रेसवर होती. तिनं जाऊन त्या गार लोखंडावर तळवा टेकवला, उजवा. चार श्वास घेतले असतील. मग परत आली आणि जेवायला बसली. कुणीतरी टाळ्या वाजवायला हात उचलले, तर वनूताईंनी नुसती मान हलवली. त्या नसरीनला लोणचं वाढत होत्या.

पुढे गाळा वसईला गेला. वनूताईंचे गुडघे तेवढं अंतर जायला तयार नव्हते; त्या मोरव्यात घरी राहिल्या. मीही दुसरीकडे लागले. गेल्या हिवाळ्यात अनुभवाचा दाखला घ्यायला वसईच्या नव्या जागेत गेले. उंच छप्पर, सगळेच पत्रे उजेडाचे, एकही ओळखीचा कोपरा नाही. दाराकडे पाठ करून मी अर्ज लिहीत बसले होते, तेव्हा खांबावर तीन ठोके पडले. एक सुटा आणि दोन जोडून. मान वर करायला पुरेल इतका वेळ गेला, आणि लांबचा फेरा घेऊन नसरीन माझ्या समोर आली. तिच्या डाव्या हातात किल्ली होती.

त्या खांबाला वनूताईंचा हात कधी लागलाच नव्हता. गेलेला काळ बहुतेक वेळा मागूनच येतो आणि आपण बेसावध असताना खांद्यावर हात ठेवतो. त्यांची आठवण मात्र समोरून आली, आधी तीनदा आवाज देऊन.