ऐंशीवरची बॅटरी

"पोटभर नको जेवू, घास दोन राख बाई,
वाट चालायाची लांब, अंग जड होत जाई…"

जानकी शाळेत होती तेव्हा तिची आई ताट वाढता वाढता हे गुणगुणायची. आईला जाऊन आता किती वर्षं लोटली. तरी लॅपटॉपची बॅटरी ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सेटिंग लावताना जानकीच्या कानात नेमका तोच आवाज आला.

पहिल्या लॅपटॉपची तिने वाटच लावली होती. दिवसभर चार्जिंगला, सदा शंभर, सदा तुडुंब. शेवटी बॅटरी अशी फुगली की कीबोर्डच वर आला. दुसरा घेतला तेव्हा तिने ठरवलं, हाच घरचा आणि हाच दारचा. घरी एक केबल खोचली की मोठा स्क्रीन, कीबोर्ड, माउस सगळे जागे. बाहेर पडताना तीच केबल उपसली की पाखरू मोकळं. आणि रोजचं चार्जिंग ऐंशीच्या वर नाही.

बाबांना हे पटेना. "ह्यां काय गो? ऐंशीच? दुकानदारान फसवल्यान तुका."

"बाबा, सारखं भरलेलं ठेवलं की लवकर म्हातारं होतं ते."

"मगे माका पण अर्धपोटी ठेव!"

लॅपटॉपवर इतकं बोलणारे बाबा जानकीच्या नोकरी सोडण्यावर मात्र चकार शब्द काढत नव्हते. तिने घरूनच प्लास्टिकच्या साच्यांची डिझाइनं करायला घेतली होती. विक्रोळीच्या त्यांच्या मजल्यावर शेजारच्या नीलमकाकूंनी विचारलं की बाबा म्हणायचे, "रजेर आसा." जानकी ते आतून ऐकायची नि गिळायची.

अशात साकीनाक्याच्या चंद्रप्रकाशजींचं काम आलं. बाटलीचं झाकण. तिची पहिली स्वतःची ऑर्डर. ही गेली तर पुन्हा कुणाच्या तरी ऑफिसात अर्ज टाकणं आलं.

त्यांना झाकण दाखवायला निघायच्या सकाळी तिने ऐंशीचा बांध काढला, म्हटलं आज शंभर होऊ दे. झाकणाचं रंगीत चित्र तयार व्हायला लावून ती आंघोळीला गेली. इकडे बाबा दूध आणायला निघाले. घराबाहेर पडताना भिंतीवरची सगळी बटणं बंद करायची, ही त्यांची गिरणीच्या दिवसांपासूनची शिस्त. जानकी केस पुसत आली तर मोठा स्क्रीन काळा आणि लॅपटॉप चित्र काढता काढता दमलेला. एकसष्ट टक्के.

"बाबाऽऽ!" पण बाबा दूधकेंद्रावर. थांबायला वेळ नव्हता. पाखरू उचललं आणि निघाली.

चंद्रप्रकाशजींच्या गाळ्यात पोचली तर तिथेही अंधार! "जानकीजी, केबल जळाली. लाइट कधी येईल देव जाणे," चंद्रप्रकाशजी म्हणाले. "आणि झाकणाची कड जाड पाहिजे, पकडायला खाचा पाहिजेत. साचावाला आजच फाइल मागतोय. नाही जमलं तर माझ्या जुन्या माणसाला देतो, रागावू नका."

"बसून करते," जानकी म्हणाली.

क्रेट उलटा घातला, त्यावर ठाण मांडलं. वायफाय बंद, रंगीत चित्रं बंद, नको त्या खिडक्या बंद. स्क्रीनचा उजेड समईइतका केला. गाळ्यात अंधार होता म्हणून तेवढाही पुरे झाला. जपून वापरलेली बॅटरी म्हाताऱ्यासारखी धापा टाकत बसली नाही, भरभर उतरली नाही. हळूहळू सरत राहिली. कड जाड झाली, खाचा बसल्या, झाकण बाटलीवर फिरलं. चंद्रप्रकाशजी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. साचावाल्यासाठी फाइल पेनड्राइव्हवर देऊन तिने लॅपटॉप मिटला तेव्हा त्यात अजून एकोणीस टक्के शिल्लक होते.

"झकास! काम तुमचंच. बरणीचं झाकण पण तुम्हीच करा."

जानकी तरंगतच घरी आली. मजल्यावर बाबा नि नीलमकाकू कठड्याशी उभे होते. तिचा चेहरा बघून बाबांनी काय ते ओळखलं.

काकू म्हणाल्या, "काय गं, आज ऑफिसला? संपली वाटतं रजा?"

बाबा खाकरले.

"रजा खंयची, नीलमबाय? माझ्या चेडवान नोकरी सोडल्यान. आता सोताचा काम करता ता. आणि माका… माका अभिमान वाटता तेचो."